आंग मो किओला पडलेला बर्फ

सिंगापुरात, पाहुण्यांच्या देखत, मी एक स्नोमोबाइल तिरकी केली.

ज्यांच्या घरी कधी टू-स्ट्रोक स्कूटर होती त्यांना पुढचं सांगायला नको. सकाळी किक मारून पाय भरून आला की गाडी स्टँडवरून काढायची, एका अंगावर कलती करायची, जरा थांबायचं, सरळ करायची आणि पुन्हा किक मारायची. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल ओसंडून आत उतरतं आणि गाडी बोलायला लागते. पुण्यात हे इतक्या सोसायट्यांच्या आवारात इतकी वर्षं चाललं की शेजारचा माणूस पेपरातून मानही वर काढत नसे. सिंगापुरात मात्र सगळ्यांनी बघितलं.

आता त्या शहरात स्नोमोबाइल कुठून आली, हे आधी सांगायला हवं. विमानतळाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, असं ते गाव. आणि स्नोमोबाइल म्हणजे बर्फावरची मोटरसायकल: पुढे दोन स्की, मागे चाकाऐवजी रुंद रबरी पट्टा. उत्तरेकडे लोक ती घेऊन शिकारीला जातात, पोरांना शाळेत सोडतात. इंजिन हलकं हवं म्हणून टू-स्ट्रोक. इथे माझा संबंध येतो.

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात टू-स्ट्रोक इंजिनांवर उभं आयुष्य काढलं. नवं शतक उजाडलं आणि आमचा पंथ मावळला. स्कूटरी फोर-स्ट्रोक झाल्या, निळा धूर गेला, आणि मला 'ज्येष्ठ सल्लागार' करून खिडकीजवळ टेबल देण्यात आलं. चहा वेळेवर यायचा, काम येत नसे. अशात सिंगापूरच्या आंग मो किओ भागातल्या एका कंपनीने विचारणा केली. ते लोक स्नोमोबाइलच्या इंजिनासाठी इंजेक्टर आणि त्यांना हुकूम देणारा छोटा कॉम्प्युटर बनवत होते. कडाक्याच्या थंडीत इंजिन सुरू होत नव्हतं, आणि टू-स्ट्रोकचा स्वभाव ओळखणारा माणूस हवा होता. जगात असे लोक फार उरले नसावेत, कारण त्यांनी मला बोलावलं.

पत्राच्या शेवटी एक ओळ होती. चाचणी यशस्वी झाली तर ज्याने इंजिन जुळवलं त्याने हिवाळ्यात फिनलंडच्या उत्तर टोकाला जाऊन खऱ्या बर्फात तपासून यायचं, आणि घरच्या माणसाला बरोबर न्यायला कंपनीची हरकत नव्हती. ती ओळ मी सुनंदाला, म्हणजे बायकोला, दोनदा वाचून दाखवली. तिसऱ्यांदा तिने स्वतः वाचली.

लग्नानंतर आम्ही बर्फ बघायला मनालीला गेलो होतो. रस्ता दरड कोसळून बंद. लांब डोंगरावर मीठ सांडल्यासारखं काहीतरी पांढरं दिसलं, ते बघून परत आलो. नंतर मुलं झाली, घराचे हप्ते झाले, मुलं आपापल्या गावी गेली. पण कुठे बर्फाचा डोंगर टीव्हीवर दिसला की सुनंदा भाजी निवडता निवडता म्हणते, "आपला बर्फ राहिलाच." तक्रार नसते. दळण राहिलं म्हणतात तशा आवाजात म्हणते. म्हणून जास्त लागतं.

मी निघायच्या आत तिने लोकर आणून दोन कानटोप्या विणल्या. एक माझ्या बॅगेत घातली. दुसरी, तिची, कपाटात ठेवली. "पडणारा बघायचाय," ती म्हणाली. "पडलेला नाही. जाताय तर नीट जुळवून या. आणि तिथे तरी फ्रीज उघडून उभे राहू नका." मेमध्ये पाणी घेण्याच्या निमित्ताने फ्रीजचं दार उघडून गार हवा खात उभं राहायची माझी जुनी सवय आहे.

आंग मो किओ

सिंगापूरकर बाहेर घामाने निथळतात आणि ऑफिसात स्वेटर घालतात. एसी इतके जोरात की आमच्या प्रमुख मिसेस टॅन खुर्चीच्या पाठीवर कायम एक करडं कार्डिगन टाकून असत. बाई बुटक्या, केस बारीक कापलेले, बोलणं त्याहून बारीक कापलेलं. होकाराला 'कॅन', नकाराला 'कॅनॉट'. आमच्याकडे 'बघू, करू, होऊन जाईल' एवढ्यात जे मावत नाही ते त्या एका शब्दात उरकत.

दुसरा माणूस सुनील गजभिये. नागपूरचा, चाळिशीच्या आतला, इलेक्ट्रॉनिक्समधला डॉक्टर. पहिल्या दिवशी मी कँटीनमध्ये ट्रे घेऊन कुठे बसावं या विचारात उभा असताना मागून आवाज आला, "पाटसकर भाऊ नं? या इकडे. ते नका घेऊ, त्यात डुक्कर आहे."

त्या एका वाक्यात मला घर सापडलं.

ज्या खोलीत सगळं घडलं ती इमारतीच्या मागच्या अंगाला. जाड दार, एक काचेची खिडकी, आत उणे तीस. मधोमध स्नोमोबाइल, आणि तिच्या नळकांड्याला जोडलेला धूर बाहेर नेणारा पाइप. पेटायची भीती म्हणून टाकीत पेट्रोल तळाला दोन बोटंच ठेवायचं. मिसेस टॅन खिडकीपलीकडे बसून भोंग्यातून सूचना देत.

पहिल्यांदा आत गेलो तेव्हा मी पाच-सहा मिनिटांत बाहेर पळालो. नाकातले केस ताठ झाले होते. कंपनीने जाड कोट, बूट, हातमोजे दिले होते. डोक्याला काही नव्हतं. मी बॅगेतून कानटोपी काढली. मिसेस टॅननी वरपासून खालपर्यंत बघितलं. "हे काय?"

"माझ्या बायकोने विणलंय."

"कान झाकले. ऐकू येतं?"

"येतं," मी म्हणालो. म्हणजे त्यांचा प्रश्न तरी आला होता.

पुंगोल

शनिवारी सुनीलने घरी जेवायला बोलावलं. पुंगोल त्या वेळी नवीनच उभं राहत होतं. एमआरटी, म्हणजे तिथली मेट्रो, सोडून छोट्या एलआरटीत बसायचं. बिनचालकाचे ते डबे इमारतींच्या मधून फिरत, आणि खाली मोकळ्या जमिनी, क्रेन, नुकती लावलेली झाडं. मी उलट्या दिशेच्या डब्यात बसलो आणि संपूर्ण फेरी मारून पुन्हा तिथेच आलो. सुनील तिथेच उभा होता. "माहीत होतं मला," तो म्हणाला. "सगळे पाहुणे एक चक्कर मारूनच येतात."

घरात बुद्धमूर्तीसमोर ताजी फुलं होती आणि स्वयंपाकघरातून सावजी रश्श्याचा असा वास येत होता की माझ्या चष्म्यावर पुन्हा वाफ धरली. सुनीलची बायको वैशालीवहिनी शाळेत गणित शिकवत. त्यांनी विचारलं, "दादा, तुम्ही नेमकं करता काय? हे सांगतात त्यातलं मला काही कळत नाही."

मी फोडणीच्या पळीकडे बोट दाखवलं. म्हटलं, जुन्या स्कूटरचं इंजिन म्हणजे डोळे मिटून घातलेली फोडणी. पेट्रोल, तेल, हवा सगळं एकत्र आत ढकलायचं. जुना धूर बाहेर जायला जे दार उघडतं, त्याच दाराने थोडं कोरं पेट्रोलही निघून जातं. इंजेक्टर म्हणजे मोजून थेंब टाकणारी पळी. सिलिंडरला दोन. ते बाजूच्या वाटेत, नेमक्या क्षणी, बारीक फवारा मारतात, म्हणजे वाया जात नाही. किती वेळ उघडं राहायचं ते कॉम्प्युटर ठरवतो, आणि कॉम्प्युटरला ते मी सांगतो. थंडीत पेट्रोलची वाफ होत नाही म्हणून जास्त द्यावं लागतं. जरा जास्त झालं की प्लग भिजतो आणि सगळं संपलं.

"म्हणजे अंदाज," वहिनी म्हणाल्या.

"अंदाजच. पण कॉम्प्युटरसमोर त्याला अंदाज म्हणायचं नसतं."

सुनील हसला नाही. तो म्हणाला, "भाऊ, परवा इंजिन जरासं खोकलं नं, तर त्या खोलीत माझ्या बाबांच्या स्कूटरचा वास आला. मी कोट काढून ठेवला तरी तो वास बाहीला होता. वैशालीने कोट धुवायला टाकला तर मी भांडलो."

"खरंच भांडले," वहिनी म्हणाल्या.

मला आमचे रविवार आठवले. रविवारी सकाळी स्कूटर धुऊन, पुसून, रस्त्यावर एक चक्कर मारायची, मागे सुनंदा, पुढे उभी मुलगी, आणि मागे तो निळा धूर. माझं पोट त्या धुरावर चाललं, आणि तो गेल्यावर कळलं की नुसतं पोट चालत नव्हतं.

त्यांची मुलगी मुग्धा सात वर्षांची. तिला मी मराठीत विचारलं, "तू बर्फ पाहिलास का गं?"

"ऑलरेडी सॉ, अंकल. स्कूलने नेलं होतं. तिकीट काढायचं, आत स्नो असतो. यू ऑल्सो कॅन गो ला."

वहिनी म्हणाल्या, "जुराँगला आहे तसं एक. नेऊ तुम्हाला उद्या?"

मी नको म्हटलं. तिकिटाचा बर्फ नको होता. आणि एकट्याने तर कुठलाच नको होता. रस्सा तिखट होता म्हणून डोळे पुसले, असं सगळ्यांनी धरून चाललं.

पुलाउ उबीन

त्याऐवजी रविवारी सगळे पुलाउ उबीनला गेलो. बंबोटमध्ये, म्हणजे छोट्या मोटरबोटीत, बसलं की लगेच येतं ते बेट. भाड्याच्या सायकली, लाल मातीची वाट, फणसाची झाडं, पत्र्याच्या छपरांची जुनी घरं आणि दारात झोपलेली कुत्री. मला ते कोकणच वाटलं, फक्त हॉर्न नव्हता.

एका वळणावर तो वास आला. टू-स्ट्रोकचा. मी काही न बोलता सायकल आडवाटेला घातली, मागून सुनीलने हाका मारल्या त्याही ऐकल्या नाहीत, आणि एका घरामागे पोहोचलो. तिथे एक म्हातारे मलाय गृहस्थ पाठीवर यंत्र अडकवून गवत कापत होते. छोटंसं इंजिन, निळा धूर. मी त्यांच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि डोळे मिटून श्वास घेतला.

डोळे उघडले तेव्हा ते यंत्र बंद करून माझ्याकडे बघत होते. "काय पाहिजे?"

"काही नाही. वास."

त्यांनी घराकडे बघून मलायमध्ये काहीतरी सांगितलं. आतून त्यांच्या बायकोने एक शहाळं पाठवलं, मला ऊन लागलंय असं समजून. शहाळ्याचं पाणी पिऊन उठलो तर सायकलची चेन पडलेली. सुनील येऊन ती बसवीपर्यंत मी त्या गृहस्थांना त्यांच्या यंत्राच्या प्लगबद्दल न मागितलेला सल्ला देत होतो.

परतताना धक्क्याजवळ आइस काचांग खाल्लं. किसलेल्या बर्फाचा डोंगर, वर रंगीत पाक, खाली लाल राजम्यासारखे दाणे आणि मका. आपल्या गोळ्याचा श्रीमंत मावसभाऊ. मी चमच्याने डोंगराचं टोक उचललं आणि उन्हात धरलं. चमचा तोंडाशी येईपर्यंत पाणी झालं.

संध्याकाळी फोनकार्डाचा नंबर खरवडून घरी फोन लावला.

"कसं चाललंय?" सुनंदाने विचारलं.

"उणे पंचवीसला सुरू झालं. गुरुवारी पाहुणे येतायत, त्यांच्यासमोर उणे तीसला सुरू करायचं."

"टोपी घालताय ना?"

"घालतो."

"मी तेवढ्यात थर्मल कुठे मिळतात ते विचारून ठेवलं," ती म्हणाली, आणि घाईघाईने विषय बदलला. तो मनालीला निघतानाचा आवाज होता. फोन ठेवल्यावर मी आकडे पुन्हा एकदा तपासले. मग पुन्हा.

पुन्हा आंग मो किओ

गुरुवारी स्नोमोबाइल बनवणाऱ्या कंपनीचे दोन फिनिश पाहुणे आले. उंच, शांत, लालबुंद. सिंगापूरच्या उन्हाने दोघांची नाकं सोललेली. ते मिसेस टॅनशेजारी खिडकीपलीकडे बसले. मी कोट, बूट, हातमोजे आणि कानटोपी घालून आत गेलो. सुनील बाहेर दाराशी उभा.

हे इंजिन दोरी ओढून सुरू करायचं असतं. बॅटरी नाही. दोरी ओढली की त्याच फिरण्यावर कॉम्प्युटर जागा होतो आणि पंप पेट्रोल चढवतो. म्हणून पहिल्या दोन ओढींत काहीच होत नाही. हे मला पक्कं ठाऊक होतं, आकडे माझेच होते. तिसऱ्या ओढीला इंजिन खोकलं आणि विझलं.

नंतर सुनीलने सांगितलं की त्याच वेळी भोंग्यातून मिसेस टॅन म्हणाल्या होत्या, "छान. खोकलं म्हणजे आलं. हात लावू नको, फक्त एकदा ओढ."

आत पंख्यांचा आवाज होता आणि माझ्या कानांवर सुनंदाची दुहेरी वीण होती. मला फक्त गप्प बसलेलं इंजिन ऐकू आलं. खिडकीतून सहा डोळे बघत होते, कपाटात एक कानटोपी वाट बघत होती, आणि माझ्या हातांना जन्मभर माहीत असलेली एकच गोष्ट आठवली. मी दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि अख्खी गाडी एका अंगावर कलती केली. जरा थांबलो, सरळ केली. पाय किकसाठी उचललादेखील. किक नव्हती.

ज्या गाडीला कार्ब्युरेटरच नाही तिच्यात ओसंडणार काय? टाकीत दोन बोटं पेट्रोल, ते कललं एका कोपऱ्यात. मग मी जी दोरी ओढत सुटलो, तेव्हा पंपाच्या तोंडाशी हवा शिरली होती. इंजेक्टर नेमक्या क्षणी, नेमका वेळ उघडत होते आणि अत्यंत अचूकपणे हवा मारत होते. मी दंड सुजेपर्यंत ओढलं. शेवटी दम लागला म्हणून दार ढकलून बाहेर आलो, आणि भिंतीला टेकून खाली बसलो.

दार माझ्यामागे उघडंच राहिलं.

"भाऊ," सुनील म्हणाला, "गाडी तिरकी काहून करून राहिले होते तुम्ही?"

पण तो आता माझ्याकडे बघत नव्हता. आत बघत होता. मीही वळलो.

बाहेरची सिंगापूरची ओली, जड हवा दारातून आत शिरत होती, आणि उणे तीसच्या खोलीत शिरताच तिचं धुकं होत होतं. आणि त्या धुक्यातून, छताच्या दिव्याखाली, बारीक बारीक पांढरे कण सावकाश खाली येत होते. स्नोमोबाइलच्या सीटवर, स्कींवर, जमिनीवर. आवाज अजिबात नाही. मी उठून उंबऱ्यापाशी गेलो. एक कण माझ्या हातमोज्यावर उतरला आणि तसाच राहिला. वितळला नाही.

माझ्या शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. मिसेस टॅन. कार्डिगन खांद्यावर. त्यांनी उघडा तळहात पुढे केला आणि काही वेळ तसाच धरून ठेवला. सुनीलने चष्मा काढला. तिघांपैकी कुणीही पडणारा बर्फ कधी पाहिला नव्हता. मागे फिनिश पाहुणे आपसात काहीतरी बोलून हसले, पण हळूच, देवळात हसतात तसे.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली: शेजारी सुनंदा नाही.

मग मिसेस टॅननी हात कार्डिगनला पुसला. "दार लावा," त्या म्हणाल्या.

कॅमेरे, तारा, मोजमापाची सगळी उपकरणं दवाने ओलीचिंब झाली होती. खोली गरम करून, वाळवून पुन्हा थंड करावी लागली. शुक्रवारी सुनील आत गेला. बोडक्या डोक्याने. टाकीत तेवढंच पेट्रोल, कॉम्प्युटरमध्ये माझेच आकडे. दोन ओढी गेल्या, तिसरीला इंजिन खोकलं, चौथीला सुरू झालं आणि चालू राहिलं. खिडकीच्या काचेला नाक लावून मी तो आवाज ऐकला. पाहुण्यांनी माझा हात हातात घेऊन हलवला. एकाने तर आकड्यांचं कौतुकही केलं.

मिसेस टॅननी मला केबिनमध्ये बोलावलं. "हिवाळ्यात गजभिये जाईल."

"आकडे माझे आहेत," मी म्हणालो.

"आकडे कॅन," त्या म्हणाल्या. "तू कॅनॉट. तिथे गोठलेल्या तळ्यावर चाचणी असते. सांगितलेलं ऐकू येत नाही आणि हात आपोआप चालतात, असा माणूस मी तळ्यावर पाठवत नाही." मग म्हणाल्या, "टोपी चांगली आहे."

निघायच्या दिवशी सुनील विमानतळावर सोडायला आला. "भाऊ, मी नाही म्हणून सांगू का त्यांना?"

"नको," मी म्हणालो. "वहिनींना आणि मुग्धाला घेऊन जा. आणि पडताना बघ. पडलेला नाही."

घरी

सुनंदाला सगळं सांगितलं. तिरकी केलेली गाडी, मिसेस टॅनचा तळहात, हातमोज्यावर न वितळलेला कण. पदरचं थोडं घातलं, पण बर्फाबद्दल काही वाढवलं नाही, त्याची गरजच नव्हती. ती शेंगा सोलत ऐकत होती. कानटोपी मांडीवर घेतली, वास घेतला आणि म्हणाली, "स्कूटरचा वास येतोय." मग बराच वेळ ती टोपी तिने खाली ठेवली नाही.

नंतर उठली, कपाटातून दुसरी, कोरी टोपी काढून माझ्यासमोर ठेवली.

"ही त्या सुनीलच्या बायकोला कुरियरने पाठवा. कान उघडे राहतील अशी, मागे दुमडून घालायला सांगा. दोन टोप्यांतली एक तरी बर्फात जाऊन येईल."

मला ते सोसवेना. "अगं, पण मी पाहिला ना," मी म्हणालो. "अगदीच राहिला असं नाही. पडताना पाहिला. तुझीच टोपी घालून."

सुनंदाने शेंगांची परात पुन्हा पुढ्यात ओढली.

"पाहिला कसला," ती म्हणाली. "समुद्रापार जाऊन फ्रीजचं दार उघडं टाकून आलात."